दाब, धर, सोड

नोएला पेल्तिये आयुष्यात कधी गाडीखाली गेली नव्हती. लग्नापासून तिची जागा वरची. खाली क्लोविस. तो पाठीवर पडून, हातात पान्हा घेऊन ब्रेकच्या नळ्यांशी झटापट करणार, आणि ही वर ड्रायव्हरच्या जागेवर पेडलवर पाय ठेवून हुकमाची वाट बघणार. तो ओरडायचा, "दाब!" ही म्हणायची, "दाबलं." तो म्हणायचा, "धर!" ही म्हणायची, "धरलंय." मग खाली फुस्स व्हायचं, पेडल पायाखालून तळाला जायचं, आणि तो "सोड" म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही म्हणजे नाही. आधी उचलला तर नळीत परत हवा शिरते आणि सगळी मेहनत पाण्यात. हे तिला लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात कळलं, भरपूर बोलणी खाऊन.

आमच्या ह्या नदीकाठी बर्फ पडतं ते संपायचं नाव घेत नाही, आणि ते वितळावं म्हणून सरकार रस्त्यावर मीठ ओततं. नदीपलीकडे कॅनडा, तिकडेही तेच. ते मीठ गाडीच्या पोटाला जाऊन बसतं. वरून गाडी कितीही चकाचक असू दे, खाली वाकून बघा, पापुद्रे सुटलेले. सगळ्यात आधी जातात त्या ब्रेकच्या नळ्या. त्यामुळे फ्रेंचव्हिलमध्ये घरटी एक खाली पडणारा आणि एक वर बसणारा असतोच. लग्न जमवताना हे कुणी विचारत नाही, पण विचारायला हवं, असं माझं मत आहे. ब्रेकची हवा काढताना जे जोडपं भांडत नाही, ते एक तर मुकं असणार नाही तर नवीन.

क्लोविस आणि नोएला तर रीतसर भांडायचे. तिचं लक्ष जरा इकडंतिकडं गेलं, खिडकीतून नदीवरचं बर्फ बघण्यात किंवा चुलीवर ठेवलेल्या कोंबडीच्या रश्शाच्या काळजीत उत्तर द्यायला घटकाभर उशीर झाला, की खालून आवाज यायचाच, "झोपलीस काय गं?"

"झोपू देशील तर ना!" ती वरून फणकारायची.

ते वाक्य त्याच्या तोंडात असं बसलं होतं की विचारू नका. चर्चच्या तळघरात बिंगो खेळताना तिनं आकडा उशिरा खोडला, झोपलीस काय गं. पाहुणे आले आणि कॉफी यायला वेळ लागला, झोपलीस काय गं. चारचौघांत सगळे हसायचे आणि नोएलाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "ह्या माणसाच्या तोंडाला एकदा कुलूप लागू दे रे देवा," असं ती आपल्या भावाला, ओमेरला, कितीदा म्हणाली असेल. आता ते आठवलं की तिला आपलीच जीभ हासडावीशी वाटे.

कारण कुलूप लागलं. गेल्या हंगामात बटाट्याची काढणी चालू होती, पोरांच्या शाळा काढणीपुरत्या बंद होत्या, आणि क्लोविस शेतात उभा राहून पिंपं चढवणाऱ्यांवर नेहमीसारखा खेकसत होता. "त्या मालकाला जाऊन सांग की..." एवढं म्हणाला आणि मधेच थांबला. मग एका पिंपाला धरून हळूच खाली बसला. मालकाला काय सांगायचं होतं ते अजून कुणाला कळलेलं नाही.

उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा बर्फ पडायला लागलं होतं. पाय थोडासा आला, धरून धरून चालायला लागला. हाताची दोन बोटं हलायला लागली. तोंडातून मात्र एक "अ" सोडून काही नाही. बोलायला शिकवणारी एक बाई दर आठवड्याला यायची. गोड पोरगी. टेबलावर चित्रं मांडायची, कप, कुत्रा, घर. "हे काय, मिस्टर पेल्तिये?" क्लोविस कपाकडे बघायचा, मग तिच्याकडे, मग मान फिरवून खिडकीबाहेर. खिडकीबाहेर त्याची गाडी उभी असायची.

"शब्द आत आहेत हो," ती पोरगी दारात नोएलाला म्हणाली. "वाट सापडत नाहीये. कधी कधी अगदी जुनी, रोजची पायवाट असली तर माणूस तिथून बाहेर येतो. प्रार्थना म्हणून बघा, गाणी म्हणून बघा."

नोएलानं म्हणून बघितलं. रोज संध्याकाळी माळ घेऊन बसली. तो ओठ हलवायचा, आवाज नाही. त्याच्या वाढदिवसाचं गाणं म्हटलं. नाताळची म्हटली. त्यांच्या लग्नात वाजलेलं म्हटलं, ते तिलाच पुरं करता आलं नाही आणि तो बिचारा तिच्याकडे बघत राहिला. घरात दिवसभर टीव्ही चालू ठेवायची ती, नाहीतर स्वतःच्या चमच्याचा आवाजसुद्धा अंगावर यायचा. तिला फार काही नको होतं. त्यानं हिंडावं-फिरावं, पुन्हा गाडी चालवावी, असलं काही तिनं मागितलं नाही. तिला त्याचा एक शब्द हवा होता. कुठलाही.

"शिवीसुद्धा चालेल," ती चर्चमध्ये फादरना म्हणाली. "देवाला तसं स्पष्ट सांगा."

फादर हसले, कारण क्लोविसच्या शिव्या त्यांना ठाऊक होत्या. आमच्याकडे शिव्या आई-बहिणीवरून जात नाहीत, चर्चमधल्या सामानावरून जातात. पवित्र प्याला, पवित्र पेटी, मेणबत्तीचा खांब. क्लोविसला राग आला की अख्खी वेदी दारात येऊन पडायची.

एप्रिलमध्ये जमीन भुसभुशीत व्हायला लागली. क्लोविसची गाडी म्हणजे पाऊण टन माल वाहणारी जड पिकअप, पुढं बर्फ ढकलायचं लोखंडी फाळकं लावलेली. तशीच अंगणात ठेवली तर चाकं चिखलात रुतणार, म्हणून नोएला ती गॅरेजमध्ये घ्यायला गेली. इंजिन एका फटक्यात चालू झालं. उतार लागला, तिनं ब्रेक दाबला, आणि पेडल खडखडत तळाला गेलं. गाडी आपली हळूहळू, कुणाची तमा न बाळगता, बर्फाच्या ढिगात जाऊन टेकली.

स्वयंपाकघराच्या खिडकीवर धाडधाड आवाज झाला. क्लोविस डाव्या हाताच्या मुठीनं काच ठोकत होता. नोएला धावत आत गेली. "काय झालं? काय होतंय तुला?" त्याला काही होत नव्हतं. तो गाडीकडे बोट दाखवत होता, मग बोट खाली, जमिनीकडे, गाडीच्या पोटाकडे. "अ... अ... अ..." घामानं चेहरा डबडबला होता. पण त्याचे डोळे! काढणीपासून पहिल्यांदा त्या डोळ्यांत घरचा माणूस होता.

"नळी गेली," नोएला म्हणाली.

त्यानं जोरजोरात मान हलवली.

त्या क्षणी तिच्या मनात जे आलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही, कारण लोकांनी वेड्यात काढलं असतं. चित्रांत नाही, माळेत नाही, गाण्यात नाही, मग ह्याचा आवाज असेल तर तो ह्या गाडीखालीच कुठंतरी असणार, असं तिला वाटलं.

मुलगा कनेटिकटला. फोनवर म्हणाला, "आई, ती गाडी भंगारात दे. वीस वर्षांची झाली. नुसता गंज आहे."

"तुझा बापही जुना झालाय. त्यालाही घालू का भंगारात?"

"मी तसं म्हटलं का?"

"मग फोन ठेव. मला काम आहे."

ओमेर आला, गाडी बघितली, टोपी मागे सरकवली. ओमेरचं पूर्वी स्वतःचं गॅरेज होतं, आता फक्त हत्यारं आणि ढेरी उरली आहे. "एक नळी बदलून भागायचं नाही," तो म्हणाला. "एक फुटली म्हणजे बाकीच्या रांगेत उभ्या आहेत. पुढून मागपर्यंत सगळ्या नव्या घालायला हव्यात."

"मग घालू या."

"घालू या म्हणजे? हे पोट बघतेस ना? मी खाली शिरलो तर मला काढायला क्रेन लागेल."

"तू वर बसून सांग. मी शिरते."

"नोएला, अगं, तू सत्तरीला आलीस."

"मग आणखी उशीर नको," ती म्हणाली आणि क्लोविसचा कामाचा डगला अंगावर चढवून आली. बाह्या दोनदा दुमडायला लागल्या. डगल्याला त्याचा वास होता, ब्रेक ऑइलचा, तंबाखूचा आणि लाकडाच्या भुश्श्याचा. ती बटणं लावायला जरा जास्तच वेळ घेत होती. ओमेर दुसरीकडे बघायला लागला.

गाडी ओढून गॅरेजमध्ये आणली, जॅकवर उचलली, चारी बाजूंनी आधाराच्या घोड्या लावल्या, चाकं काढली. गॅरेजमधली शेगडी पेटवून क्लोविसला खुर्चीत बसवलं, मांडीवर रग. तो बघत होता. नोएला पुठ्ठ्यावर पाठ टेकून सरपटत आत गेली, आणि पहिला गंज तिच्या तोंडात पडला.

"तोंड मिटून काम कर," ओमेर म्हणाला. "क्लोविसला ते कधी जमलं नाही."

काय ते खालचं जग! इतकी वर्षं ह्या सगळ्याच्या डोक्यावर बसून तिनं कंटाळा केला होता. चासीच्या आतल्या बाजूनं जाणारी नळी तिनं दोन बोटांत धरली तर शिळ्या बिस्किटासारखी तुटली. नट तर जागचे हलेनात. गंजतेल मारायचं, थांबायचं, परत मारायचं. एका नटाचे कोपरे पान्ह्यानं झिजून गोल झाले, तेव्हा ओमेरनं नळीच कापायला लावली आणि वरून नटाला सगळीकडून धरणारा बंद पान्हा घालून नट उपटायला सांगितला. तो निघाला तेव्हा नोएलानं खालूनच आरोळी ठोकली. मागच्या बाजूला एके ठिकाणी नळी तारेनं बांधलेली होती. ती तार तिनं निरखून बघितली. कपडे अडकवायच्या हँगरची होती, निळ्या रंगाची, तिच्या कपाटातली.

"क्लोविस पेल्तिये!" ती ओरडली. "माझे हँगर कुठं जातात ते आज कळलं मला! आणि तू म्हणायचास, इस्त्रीवाली परत देत नाही!"

क्लोविसनं मान खाली घातली. त्याच्या ओठाचा डावा कोपरा वर गेला होता, ओमेरनं ते पाहिलं.

नवी नळी तांब्या-निकेलची, मिठाला दाद न देणारी आणि हातानं वाकणारी. काकवीच्या डब्याभोवती फिरवून नोएलानं तिला वळणं दिली, जुन्या तुकड्यांशी ताडून बघितली. मग आलं तोंड फुलवायचं काम. नळीचं टोक शिकंज्यात धरायचं, वर ठोकळी ठेवून दाबायचं, ठोकळी काढून परत दाबायचं, म्हणजे टोक बाहेर फुलून दुमडतं आणि नटाखाली घट्ट बसतं. एका बाजूला जरी तिरकं गेलं तरी ऑइल गळणार. नोएलानं जीभ दातांत धरून पहिलं तोंड फुलवलं. गोल, गुळगुळीत, चारी बाजूंनी सारखं.

"वा!" ओमेर म्हणाला. "क्लोविसला इतकं सुबक कधी..." आणि थांबला. त्याची नजर बाकावर गेली होती.

बाकावर नट होता. एकटा. तोंड फुलवायच्या आधी तो नळीवर सरकवायचा असतो. एकदा तोंड फुललं की नट काही केल्या जात नाही. सुंदर फुललेलं टोक कापून टाकायचं आणि पहिल्यापासून सुरुवात. हे काम करणारा एकही माणूस असा नाही की ज्यानं ही चूक केली नाही, आणि क्लोविसनं तर दर वेळी केली. गॅरेजमधून चर्चमधलं सगळं सामान एकामागोमाग एक ऐकू यायला लागलं की नोएला स्वयंपाकघरात छातीवर क्रूस करायची आणि समजायची, नट राहिला.

आता ती नटाकडे बघत उभी राहिली. "अगं बाई!" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

खुर्ची कुरकुरली. क्लोविसचे खांदे हलत होते. आधी तिला वाटलं, त्याला परत काहीतरी झालं. मग दिसलं की तो हसतोय. आवाज नाही, पण डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत, रग मांडीवरून खाली घसरेपर्यंत हसतोय.

"हस, हस मेल्या!" नोएला म्हणाली. "तुझ्याच पंगतीला येऊन बसले." आणि तीही हसायला लागली, आणि हसता हसता तिला इतकी हुरहुर लागली की पक्कड खाली ठेवावी लागली. एवढं आलं. आता तेवढा एक आवाज आला असता तर.

पुढच्या नळीला तिनं नट मुद्दाम विसरून बघितला. क्लोविसनं नटाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि भिवया उंचावल्या. ह्या माणसाला फसवणं सोपं नव्हतंच कधी.

असं करत करत सगळ्या नळ्या बसल्या. शेवटचा नट आवळून टाकीत ब्रेक ऑइल ओतलं तेव्हा रविवार होता, चर्चहून आल्यावर. ओमेर म्हणाला, "आता हवा काढायची. मी बसतो वर."

"नाही," नोएला म्हणाली. "तो बसेल."

"अगं, त्याचा उजवा पाय..."

"डावा आहे ना."

ओमेरनं वाद घातला नाही. क्लोविसला त्या उंच गाडीत चढवणं म्हणजे काय झालं ते विचारू नका. ओमेर मागून ढकलतोय, नोएला आतून काखेत हात घालून ओढतेय, मधे क्लोविस. एकदा तिघंही तसेच अडकून बसले आणि कुणालाच पुढं जाता येईना, मागं येता येईना. पण बसवला. नोएलानं त्याचा डावा बूट पेडलवर ठेवला, गुडघ्यावर थोपटलं. "तू दाबायचं. मी सांगेन तसं. येतंय ना सगळं?" त्यानं मान हलवली.

ती खाली गेली. आमच्याकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणून सगळ्यात लांबचं चाक आधी, उजवं मागचं. तिथल्या हवा काढायच्या निपलवर रबरी नळी चढवली, नळीचं टोक काचेच्या बाटलीत. पान्हा लावला. ह्याच घटकेसाठी सगळा खटाटोप होता आणि ते तिलाच ठाऊक होतं.

"दाब!" ती ओरडली.

काही नाही.

"क्लोविस, दाब!"

वरून फक्त श्वास. मग "अ... अ..."

ती बाहेर आली, त्याचा पाय पुन्हा नीट ठेवला, परत खाली गेली. "दाब! आणि दाबलं म्हण, म्हणजे मला कळेल!" पेडल हललं नाही. खाली पडल्यावर वरचं काही दिसत नाही, हे तिला आज कळलं. खालच्या माणसाला वरचा माणूस म्हणजे नुसता आवाज. उत्तर आलं नाही की खालचा एकटा पडतो. म्हणून तो विचारायचा होय, झोपलीस काय म्हणून! आणि ती दर वेळी चिडायची. गंज डोळ्यांत गेला होता की काय कोण जाणे, तिचे डोळे भरून आले.

"नोएला," ओमेर वाकून हळूच म्हणाला, "मी बसू का आता?"

"नको. तू आत जा. रस्सा तयार आहे, धिरड्यांचं पीठ भिजवलंय, तव्यावर टाकून घे. जेव."

"आणि तू?"

"येते मी. जा म्हटलं ना."

त्याचे बूट फरशीवरून दाराकडे गेले, दार लागलं. ती पान्हा धरून तशीच पडून राहिली. बाहेर यायला मन होईना. बाहेर आली की पुन्हा तेच घर, तोच टीव्ही, तोच चमचा. "राहू दे रे," ती चासीकडे बघत म्हणाली. "नाही तर नाही. तू आपला बस तिथं. मी इथं आहे."

पान्हा तिनं निपलवरच राहू दिला.

"दाब."

घोगरा, जाड, तळातून ओढून काढलेला आवाज. ओमेर परत आला असं तिला आधी वाटलं. पण फरशीवर बूट दिसेनात. आणि विचार करायच्या आधी, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, तिच्या तोंडून निघून गेलं, "दाबलं."

वर पेडल कुरकुरलं. एकदा, दोनदा, तीनदा.

"धर."

"धरलंय," ती म्हणाली, आणि तिच्याच हातानं पान्हा फिरवला. फुस्स. बाटलीत बुडबुडे आले, काळपट ऑइल, पुन्हा बुडबुडे.

"सोड."

पाय वर गेला आणि तिला निपल बंद करायला उशीर झाला. चक्क हवा आत ओढली गेली. तिला पर्वा नव्हती. तिला आता सगळं उमगलं होतं. ती वेडी त्याच्याकडे आपलं उत्तर मागत होती. "दाबलं" हा त्याचा शब्द कधी नव्हताच, तो तिचा. त्याचा शब्द हुकमाचा, आणि त्याची वाट तीच होती. तो वर बसला काय, खाली पडला काय, हुकूम तोच सोडणार!

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

ह्या वेळी ती चुकली नाही. "धर" आणि "सोड"च्या मधे तो किती थांबतो ते तिच्या पायाला माहीत होतं, आता हाताला कळलं. त्यानं "सो" म्हणायच्या आत निपल बंद. पुन्हा. पुन्हा. उजवं मागचं झालं, ती "थांब रे" म्हणत सरपटत डाव्या मागच्याकडे गेली. टाकी भरायला एकदा बाहेर आली तेव्हा तिनं मुद्दाम त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. बघितलं आणि तो पुन्हा गप्प झाला तर, ह्या भीतीनं. मग उजवं पुढचं. मग शेवटचं, डावं पुढचं, अगदी त्याच्या पायाखालचं. दाब, दाबलं. धर, धरलंय. सोड. शब्द दर खेपेला साफ होत होते. बाटलीतलं ऑइलही स्वच्छ होत गेलं, मधासारखं, आणि बुडबुडे संपले. एकही नाही. काम झालं.

"दाब," वरून आवाज आला.

तिला उत्तर देता येईना. बाटली छातीशी धरून ती पडून राहिली, आणि पाणी डोळ्यांच्या कोपऱ्यांतून कानांत जात होतं.

मग सीट कुरकुरली, आणि तोच आवाज, आता खास चिडलेला.

"झोपलीस काय गं?"

नोएलानं तोंडावर हात दाबला. बिंगोच्या टेबलापासून पाहुण्यांच्या कॉफीपर्यंत, ज्या ज्या वेळी ती ह्या वाक्यावर फणकारली होती ती प्रत्येक वेळ आता तिला परत हवी होती.

"झोपू देशील तर ना," ती कशीबशी म्हणाली. "जागी आहे रे. दाबलं."

"धर."

"धरलंय."

ओमेर हात पुसत आला तेव्हा हे असंच चाललं होतं. तो दारात थबकला. वर क्लोविसच्या तोंडाकडे बघत राहिला. मग सावकाश गुडघ्यावर हात टेकून वाकला आणि बाटली पाहिली. काठोकाठ भरलेली, एकही बुडबुडा नाही.

"झालं नाही का अजून?" त्यानं विचारलं.

"कुठलं झालंय," नोएला खालून म्हणाली. "अजून खूप हवा आहे. ऑइलचा दुसरा डबा आण."